म्हणे, कानच नाही!

परवा एका मित्राने त्याचा फ्रेटलेस बेस विकायला काढला. घेऊन जेमतेम आठ महिने झाले होते. म्हटलं, का रे बाबा? तर म्हणाला, "जाऊ दे यार, आपल्याला कानच नाही. सूर रक्तात असावा लागतो."

माझी सटकलीच. कारण हे वाक्य माझ्या जुन्या ओळखीचं आहे. चौथीत गॅदरिंगच्या समूहगीताला बाईंनी मला मागच्या रांगेत उभं केलं आणि हळूच सांगितलं, "तू गाऊ नकोस हं, नुसते ओठ हलव." पुढची तेवीस वर्षं मी इमानेइतबारे ओठ हलवले. आरतीला टाळ्या, वाढदिवसाला टाळ्या. बत्तिसाव्या वर्षी फ्रेटलेस बेस घेतला तो निव्वळ खुन्नस म्हणून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बेस गिटारच्या दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्या फ्रेट. बोट दोन फ्रेटच्या मधे कुठेही दाबा, सूर फ्रेट ठरवतो. फ्रेटलेसवर त्या पट्ट्याच नसतात. व्हायोलिनसारखं, बोट पडेल तिथला सूर. नेहमीच्या ३४ इंची बेसवर बाराव्या फ्रेटच्या जागी बोट १ मिलिमीटर सरकलं की सूर साधारण ४ सेंट हलतो (अर्ध्या स्वराचे १०० सेंट). ५ मिलिमीटर चुकलात की २० सेंट गेले. आणि २० सेंट म्हणजे शेजारच्या काकूंनाही कळेल इतकं कणसूर.

मग आपण इंजिनियर लोक काय करतो? फोनवर ट्यूनर लावतो! हिरवा दिवा लागला की खूश. मीही पहिले सहा महिने हेच केलं. एकेक सूर हिरवागार. मग मित्रांबरोबर एक गाणं रेकॉर्ड केलं आणि ते ऐकताना स्वतःच्याच कानांत बोटं घालायची वेळ आली.

कारण उघड आहे. ट्यूनर सांगतो ते सूर वाजून गेल्यावर. तोही डोळ्यांना. सहा महिन्यांत माझे डोळे काटा वाचण्यात पटाईत झाले, कान मात्र बेंचवर बसून होते. कंपायलर ओरडेल तिथे सेमिकोलन टाकत गेलं म्हणून कुणाला लॉजिक येत नाही, तसंच हे.

बरं, तो हिरवा दिवा तरी कुठला सत्यवचनी? ट्यूनर सप्तकाचे १२ सारखे तुकडे करतो. त्यात शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर. पण नीट जुळलेल्या तंबोऱ्यात षड्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो सुमारे ३८६ वर. मोकळ्या तारेला षड्ज मानलं तर बेसवर या दोन गंधारांत जवळजवळ साडेपाच मिलिमीटरचं अंतर पडतं! कीबोर्डबरोबर वाजवताना पहिला बरोबर, तंबोऱ्यावर दुसरा. कुठला केव्हा, हे कानच ठरवणार. आपल्याकडे पेटीच्या अशाच ठरलेल्या सुरांवरून केवढं भांडण झालं. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर घातलेली बंदी १९७१ पर्यंत चालली. पेटीला बेसूर म्हणणारे आपण, आणि फोनचा दिवा मात्र ब्रह्मवाक्य?

आता तुम्ही म्हणाल, जॅको पास्टोरियसचं काय? त्याच्याकडे होतंच ना काहीतरी? होतं की. १९७६ चा त्याचा पहिला अल्बम काढा. पहिल्याच ट्रॅकवर, 'डॉना ली'त, फ्रेटलेस बेस आणि मागे फक्त काँगा. सूर लपवायला जागाच नाही. काही लोकांना लवकर येतं, मान्य. काहींच्या पोळ्याही पहिल्या दिवसापासून गोल होतात. म्हणून बाकीच्यांनी उपाशी राहायचं का?

मी शेवटी ट्यूनर फक्त मोकळ्या तारा जुळवण्यापुरता ठेवला. त्याच फोनवर तंबोऱ्याचं ॲप लावलं, स्पीकर मोठा केला आणि डोळे मिटले. एकच सूर, लांब. पंचमाच्या आसपास बोट ठेवायचं आणि केसभर सरकवत राहायचं. सूर जरा चुकला की दोन आवाजांत वां-वां-वां अशी थरथर येते. जवळ आलात की ती मंदावते, जुळलं की थांबते. ही थरथर ऐकायला रक्तबिक्त काही लागत नाही. दोन कान आणि रोज पंधरा मिनिटं. दांडीवर रेघा आखलेला बेस असेल तर खुशाल वापरा, त्यात कसली आली चीटिंग? रेघ गल्लीपर्यंत सोडते, घर कानानेच शोधायचं.

आणि एक. बोट ठेवण्याआधी तो सूर गाऊन बघावा लागतो. डोक्यात सूर नसेल तर बोट जाणार कुठे? म्हणजे तोंड उघडणं आलं. पहिल्या दिवशी मी खोलीचं दार लावून, पंखा फुल्ल करून गायलो. भयंकर होतं. तिसऱ्या महिन्यात एकदा षड्ज असा लागला की मी तंबोऱ्यात सापडेनासा झालो. दोन-तीन सेकंद असेल, पण बाईंची आठवण आली. राग नाही आला. एवढंच वाटलं, त्या पाच मिनिटं तंबोऱ्यापाशी बसवत्या तर?

"कान नाही" हे निदान नव्हे मंडळी. ते समोरच्याच्या कंटाळ्याचं नाव आहे. आणि आपण स्वतःबद्दल म्हणतो तेव्हा आपल्या कंटाळ्याचं.

मित्राचा बेस अजून विकला गेलेला नाही. रविवारी त्याला घरी बोलावलंय. म्हटलं, बेस घेऊन ये आणि फोन बंद ठेव. तंबोरा माझ्याकडे आहे.