डीजेचा बेस : कायद्याच्या कानाला न ऐकू येणारा आवाज

जयंती जवळ आली की फुलंब्रीत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "त्यांच्या मिरवणुकीत डीजे चालतो, मग आपल्याच का नाही?" प्रश्न अर्धा बरोबर आहे. नियम सर्वांना सारखाच हवा, यात तडजोड नाही. पण समता म्हणजे दुसऱ्याच्या धिंगाण्याची नक्कल करण्याचा परवाना नव्हे.

"आमच्या वस्तीत वाजतो, बाकीच्यांना काय त्रास?" हा युक्तिवादही तपासू. ६३ हर्ट्झच्या बेसची एक लहर साधारण साडेपाच मीटर लांब असते. घराचा आडोसा, गल्लीचं वळण तिला अडवत नाही. ती वळसा घालून पुढे जाते. चार हजार हर्ट्झचे बारीक सूर हवा एका किलोमीटरमागे वीसेक डेसिबल शोषून घेते. बेस जवळपास तसाच राहतो. नांगरलेलं भुसभुशीत रान मधले सूर पिऊन टाकतं. बेस मात्र त्यावरून निघून जातो. म्हणूनच लांबच्या मळ्यात गाणं कळत नाही, नुसती धडधड पोहोचते.

वाऱ्याचंही तसंच. जमिनीलगत वारा मंद, वर जोरात. त्यामुळे वाऱ्याच्या दिशेने जाणारा आवाज खाली वाकतो, उलट दिशेचा वर उचलला जातो. दिवसा जमीन तापलेली असते, आवाज आकाशाकडे वळतो. निरभ्र, शांत रात्री जमिनीलगतची हवा आधी थंड होते आणि तोच आवाज पुन्हा जमिनीकडे येतो. एप्रिलच्या रात्री दहानंतरची बंदी म्हणजे निव्वळ पोलिसी जाच नाही. निसर्गाचा नियमही तिच्या बाजूने आहे.

आता कायद्याकडे येऊ. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणाच्या हद्दीवर भोंग्याचा आवाज त्या भागासाठी ठरवलेल्या ध्वनिमर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी ते, इतकाच चालतो. पण ही मोजणी 'ए' पद्धतीची. ती ६३ हर्ट्झला तब्बल २६ डेसिबल वजा करते. म्हणजे १०० डेसिबलचा बेस एकटा मोजला, तर मीटर ७४ दाखवणार! छाती हादरते, पत्रे थरथरतात आणि कागदावर आकडा ७५ च्या आत. 'सी' पद्धत याच बेसमधून एक डेसिबलही वजा करत नाही.

या आवाजाची पहिली झळ कुणाला? बॉक्सच्या सर्वात जवळ असलेल्या आपल्याच पत्र्याच्या घरांना. तिथलं तान्हं बाळ, आजारी आजी, परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी यांना. १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शांततेचा हक्क अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काशी जोडला. संविधान डोक्यावर घेऊन मिरवायचं आणि त्यातलाच हक्क पायाखाली तुडवायचा, हे कसं चालेल?

म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. प्रशासनाने प्रत्येक मिरवणुकीत 'ए'सोबत 'सी' मोजणी करावी, मग ती कुठल्याही धर्माची, जातीची वा पक्षाची असो. आणि आपण इतरांची वाट न पाहता यंदाच्या जयंतीपासून बेसचे बॉक्स बंद करावेत. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचं नामांतर झालं ते माणसांच्या घोषणांनी, डीजेच्या भिंतींनी नव्हे. बाबासाहेबांचा विचार पोहोचवायला तो शब्दांत ऐकू यावा लागतो. बेसमध्ये शब्द नसतात.

जय भीम!