मुतखडा फुटला, पण तो होता कशाचा?

कोलकात्याच्या बहुबाजारात डॉ. महेंद्रलाल सरकार या वैद्यकीय व्यावसायिकाने १८७६ साली ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ ही संस्था स्थापन केली. तिच्याच प्रयोगशाळेत २८ फेब्रुवारी १९२८ रोजी रामन परिणामाचा शोध लागला. दरवर्षी विज्ञानदिनी त्याचे गुणगान होते. परंतु मुतखड्याचा रासायनिक प्रकार याच परिणामाने ओळखता येतो, हे क्वचितच सांगितले जाते.

मुतखडा ‘किरणांनी जाळतात’ हा समज तर सर्रास आढळतो. वस्तुतः लिथोट्रिप्सीत काहीही जळत नाही. स्वनातीत वेगाच्या विमानांवर पावसाचे थेंब आदळल्याने काय होते, याच्या डॉर्निए कंपनीतील अभ्यासातून हे तंत्र उगवले आणि ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये ख्रिश्चन चॉसी यांनी ते पहिल्या रुग्णावर वापरले. लंबवर्तुळाकार परावर्तकाच्या एका नाभीवर पाण्यात ठिणगी पडते. तिचा आघात-तरंग दुसऱ्या नाभीवर, म्हणजे खड्यावर, एकवटतो. शरीराच्या मऊ ऊती ध्वनीच्या दृष्टीने पाण्यासारख्याच असल्याने तरंग त्यांतून फारसा न अडखळता जातो. खडा मात्र वेगळा. त्याच्या मागच्या पृष्ठावरून परतणारा तरंग त्याला आतून ताणतो, आणि दगड दाब सोसतो तितका ताण सोसत नाही. भोवतालच्या द्रवात निर्माण होऊन कोसळणारे बुडबुडे उरलेले काम करतात. मिनिटाला १२० ऐवजी ६० आघात दिल्यास खडा अधिक चांगला फुटतो. येथे घाई रुग्णाच्या हिताची नाही. मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते. गरोदरपणात किंवा रक्त गोठण्याचा विकार असल्यास हा उपचार टाळतात.

एवढे सारे करून फुटलेला चुरा वाहून जाऊ द्यायचा, ही उधळपट्टी आहे. युरिक आम्लाचा खडा लघवी अल्कधर्मी केल्यास विरघळू शकतो. सिस्टीनचा खडा आनुवंशिक विकार दाखवतो, शिवाय तो आघातांना सहज दाद देत नाही. कॅल्शियम ऑक्झलेटच्या खड्यात दूधदुभते तोडण्याचा घरगुती सल्ला उलटू शकतो, कारण आहारातले कॅल्शियम घटले की आतड्यातून ऑक्झलेट अधिक शोषले जाते. खडा कशाचा, हे ठाऊक नसताना पथ्य सांगणे म्हणजे अंधारात तीर मारणे होय.

रामन किंवा अवरक्त वर्णपटासाठी एखादा कणही पुरतो. उपचारानंतर काही दिवस लघवी बारीक गाळणीतून गाळावी, सापडलेले कण वाळवून बाटलीत ठेवावेत आणि पुढील भेटीत डॉक्टरांच्या हाती द्यावेत.