डॉर्चेस्टरचें न्यायमंदिर

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यास डॉर्सेट परगणा आहे. डॉर्चेस्टर हें त्याचें मुख्य शहर. शहर लहान असलें, तरी न्यायाच्या नांवानें काय काय घडूं शकतें, याचा इतिहास तेथील इमारतींनीं जपून ठेविला आहे. हाय वेस्ट स्ट्रीटवरील एक जुनें घर न्यायमूर्ति जेफ्रीज यांचें उतरण्याचें ठिकाण म्हणून दाखवितात. १६८५ मध्यें मॉन्मथच्या बंडानंतर ते येथें आले, आणि त्यांच्या निकालांनीं डॉर्सेटमध्यें सत्तरांहून अधिक माणसें फांसावर गेलीं. तो राजाचा सूड होता, असें म्हणून आपणांस पुढें जातां येतें. त्याच रस्त्यावरील शायर हॉलपुढून मात्र इतक्या सहज जातां येत नाहीं.

हें न्यायमंदिर १७९७ सालीं थॉमस हार्डविक यांच्या आराखड्यावरून उभें राहिलें. बाहेरून पोर्टलंडच्या फिकट दगडाचें, साधें पण भारदस्त. आंत न्यायाधीशाचें उच्चासन, आरोपीचा पिंजरा, आणि जमिनीखालीं कोठड्या.

१८३४ च्या मार्च महिन्यांत टॉलपडल गांवचे सहा शेतमजूर या पिंजऱ्यांत उभे करण्यांत आले. त्यांची मजुरी आठवड्यास सात शिलिंगांवर आली होती व ती सहावर येणार अशी धास्ती होती. म्हणून जॉर्ज लव्हलेस यांच्या पुढाकारानें त्यांनीं एक मंडळ काढिलें. मजुरांनीं संघ करणें हा १८२४ पासून गुन्हा राहिला नव्हता. मग आरोप कशाचा? तर सभासद करून घेतांना गुप्त शपथ दिली, याचा! त्यासाठीं आरमारांतील बंडानंतर १७९७ सालीं केलेला कायदा शोधून काढण्यांत आला. न्यायमूर्ति विल्यम्स यांनीं सहाही जणांस सात वर्षें काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली, आणि त्यांस ऑस्ट्रेलियांतील वसाहतींकडे धाडण्यांत आलें.

साक्षी झाल्या, ज्यूरी बसली, कलमें वाचलीं गेलीं. कायद्याचा प्रत्येक उपचार यथासांग पार पडला. राहिला तो न्याय. आम्हांस जेफ्रीज यांच्या क्रोधापेक्षां हें शांत कामकाजच अधिक भयंकर वाटतें.

पुढें न्याय मिळाला तो सामान्य जनांच्या हट्टामुळें. लंडनमध्यें प्रचंड मिरवणूक निघाली, लक्षावधि सह्यांचा अर्ज गेला, व १८३६ मध्यें सर्वांस माफी मिळाली. तथापि गेलेले दिवस कोण परत देणार? बाकीचे पुढें कॅनडास गेले. टॉलपडलमध्यें राहिलेला जेम्स हॅमेट १८९१ मध्यें डॉर्चेस्टरच्या गरीबखान्यांत वारला.

शायर हॉलमधील कोर्ट १९५५ मध्यें बंद झालें. २०१८ पासून तेथें संग्रहालय आहे. आपल्या हातून झालेला अन्याय झांकून न ठेवितां त्याचीच वास्तु जतन करणें कोणत्याही समाजास सोपें नाहीं. आमच्या वाचकांपैकीं ज्यांचीं मुलें विलायतेस आहेत, त्यांनीं तिकडे गेल्यावर राजवाड्यांबरोबर हा पिंजराही पाहावा, आणि नातवंडांस एवढेंच विचारावें: कायदा हातीं असतां, त्या दिवशीं उच्चासनावर बसून तुम्ही काय केलें असतें?