संगणकाला लेखी आज्ञा

संगणकाचा विषय निघाला की आम्हा कला शाखेच्या मंडळींच्या कपाळाला हमखास आठी पडते. ते यंत्र वाणिज्य-विज्ञानवाल्यांचे. आपण बरे नि आपले वाङ्मय बरे, असा आपला समज. या समजाविरुद्ध चार शब्द लिहावेत, एवढाच या लेखाचा हेतू. माझे म्हणणे थोडक्यात असे: संगणकाची सेटिंग्ज माउसच्या टिचक्यांनी बदलण्यापेक्षा लेखी आज्ञेने बदलणे हे काम कला शाखेच्या विद्यार्थ्याला अधिक शोभणारे आहे, मराठीच्या विद्यार्थ्याला तर ते आवश्यकच आहे.

उदाहरण घरचेच घेऊ. नांदगाव पेठेहून आम्ही काही जणी एसटीने कॉलेजला येतो. संगणक-कक्षात जेमतेम तासभर मिळतो. निबंध मराठीत लिहायचा, तर यंत्र इंग्रजीवर बसलेले. सेटिंग्जमध्ये शिरा, 'वेळ आणि भाषा' हे दालन उघडा, लांबलचक यादीतून मराठी शोधा, होकार द्या. यात वेळ जातो. शिवाय कित्येक संगणक-कक्षांत यंत्र बंद करून सुरू केले की पूर्वस्थिती आणणारी योजना असते. म्हणजे कालचे श्रम आज वाया. मग कंटाळून मुली रोमन अक्षरांतच मराठी लिहितात, आणि 'दर्या' व 'दऱ्या', 'आचार्यांना' व 'आचाऱ्यांना' हा भेद वाहून जातो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने ज्या भाषेला अभिजात दर्जा दिला, तिच्या 'ऱ्य'ला आमच्या निबंधात जागा नसावी, हे आपल्याला शोभते काय?

वास्तविक सोय केव्हाच झालेली आहे. भारतीय लिप्यांसाठी 'इनस्क्रिप्ट' हा कळफलक १९८६ साली ठरला आणि १९९१ च्या भारतीय मानकात त्याचा समावेश झाला. त्याची रचना वर्णमालेला धरून आहे: स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या, 'क' ज्या कळीवर, शिफ्ट दाबून 'ख' त्याच कळीवर. 'ल'च्या कळीवर 'ळ', 'र'च्या कळीवर 'ऱ'. व्याकरण शिकलेल्याला हे आठवड्यात हाताशी येते. अडते ते फक्त यंत्राला "आता मराठी" असे सांगण्यापाशी.

ते सांगण्याची लेखी रीत विंडोजच्या पॉवरशेलमध्ये अवघ्या तीन ओळींची आहे. पहिली ओळ सध्याच्या भाषांची यादी मागते, दुसरी तीत मराठी जोडते, तिसरी ती यादी लागू करते. आज्ञांची घडण पाहा: आधी क्रियापद, मग नाम. 'गेट' म्हणजे आण, 'सेट' म्हणजे बसव. हा शुद्ध आज्ञार्थ आहे, आणि आज्ञार्थ आम्ही शाळेपासून शिकत आलो आहोत! याच ओळी एका फाइलीत उतरविल्या की तिला स्क्रिप्ट म्हणतात. टिचकी म्हणजे हातवारा. तो हवेत विरतो. स्क्रिप्ट म्हणजे लेख. तो वाचता येतो, तपासता येतो, दुरुस्त करता येतो, मैत्रिणीला देता येतो. बोललेल्या आणि लिहिलेल्या शब्दातले हे अंतर वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला वेगळे समजावून सांगायला नको.

यावर एक आक्षेप रास्त आहे. लेखी आज्ञेने यंत्र बिघडतेही. कोणाची तरी स्क्रिप्ट न वाचता, सर्वाधिकार देऊन चालविणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करणे होय. म्हणूनच विंडोजच्या घरगुती आवृत्त्यांत अशा फाइली चालविण्यास मुळात मनाई असते. ओळी हाताने लिहिल्या तर चालतात. पण यावर उपाय अज्ञान नव्हे, वाचन हा आहे. आधी जुनी यादी टिपून ठेवावी, प्रत्येक ओळीशेजारी तिचा अर्थ लिहावा, आणि कक्षप्रमुखांना विचारल्यावाचून सामायिक यंत्राला हात लावू नये.

आपल्याच जिल्ह्यातील रिद्धपूरचे स्मरण येथे व्हावे. महानुभावांचे ते मोठे स्थान. २०२४ साली तेथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. किल्ली ठाऊक असलेल्यालाच ते वाचता येत. पुढे इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती किल्ली उलगडली, तेव्हा मराठीचे मोठे भांडार इतरांनाही खुले झाले. आज संगणकाच्या आज्ञा आपल्यापैकी बहुतेकांना अशाच गूढ लिपीसारख्या वाटतात. फरक इतकाच, की ही किल्ली कोणी लपवून ठेवलेली नाही. आपणच ती उचललेली नाही.

तेव्हा दोन सूचना करते. मराठी विभागाने या तीन ओळी, अर्थासह, एका कागदावर छापून संगणक-कक्षाच्या भिंतीवर लावाव्यात. आणि पुढील वर्षापासून या वार्षिकासाठी येणारे लेख विद्यार्थ्यांनी स्वतः युनिकोडमध्ये टंकून द्यावेत. जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर गेला की त्याची निरर्थक रोमन अक्षरे होतात. दोन्हींना खर्च नाही. लागते ती फक्त आज्ञा वाचण्याची आणि लिहिण्याची तयारी. ती कला शाखेत नसेल, तर कोठे असणार?