पडदा कोणाच्या हाती?

१९१५ साली अमेरिकेत ग्रिफिथच्या ‘बर्थ ऑफ अ नेशन’ने कृष्णवर्णीयांना नरपशू ठरविले, तो चित्रपट राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानीही दाखविला गेला! गुलामगिरीत जन्मलेल्या बापाचा मुलगा ऑस्कर मिशो याने शेतकऱ्यांना आपल्या कंपनीचे शेअर विकून भांडवल उभारले. १९२० साली ‘विदिन अवर गेट्स’मध्ये त्याने झुंडीने केलेल्या हत्यांचे सत्य पडद्यावर आणले, तेव्हा मात्र शिकागोच्या परीक्षण मंडळाने दंगलीच्या भीतीने प्रथम परवानगी नाकारली. अपमान ही कला आणि त्याला उत्तर हा शांतताभंग, हा कोठला न्याय? तरी मिशोने चाळीसांवर चित्रपट काढले.

नवदीक्षित बंधुभगिनींनो, धम्मासाठी मिळकतीचा विसावा हिस्सा बाबासाहेबांनी १९५६ साली मागितला. दुसऱ्याच्या पडद्यावर न्याय मिळेल या आशेवर राहू नका. आपल्या पैशाने आपला पडदा उभारा!