राखीव पट नाकारणारी युदित

बुद्धिबळाच्या इतिहासात १९७६ हे वर्ष दोन घटनांसाठी लक्षात ठेवावे. त्या वर्षी मुंबईची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत उतरली. त्यावर हरकत घेतली गेली, वाद उच्च न्यायालयात गेला आणि शेवटी फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष माक्स यूव्ह यांनी महिलांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्वाळा दिला. त्याच वर्षी २३ जुलैला बुडापेस्टमध्ये युदित पोल्गारचा जन्म झाला.

निर्वाळे कागदावर राहतात. दहा वर्षांनी, १९८६ मध्ये, युदितची थोरली बहीण सुझन जागतिक अजिंक्यपदाच्या विभागीय पात्रता फेरीत खेळण्याइतकी कामगिरी करून बसली होती. तरीही ती बाई आहे म्हणून तिला बाहेर ठेवले गेले. हंगेरीत तेव्हा कम्युनिस्ट राजवट होती. मुलींना शाळेत न घालता घरीच शिकवणारे त्यांचे वडील लास्लो पोल्गार अधिकाऱ्यांना आधीच खुपत होते. प्रतिभा जन्मजात नसते, ती घडवता येते, हा त्यांचा सिद्धान्त. आणि सुझन, सोफिया, युदित या तीन मुली म्हणजे त्याचा चालताबोलता पुरावा.

१९८८ मध्ये थेसालोनिकीच्या महिला ऑलिंपियाडमध्ये या तिघी आणि इल्दिको माद्ल यांनी सोव्हिएत संघाकडून सुवर्णपदक हिसकावले. बारा वर्षांच्या युदितने १३ डावांत १२.५ गुण मिळवले. ज्या व्यवस्थेने वाट अडवली, तिलाच आता या मुलींचा अभिमान वाटू लागला. व्यवस्थांचा हा जुनाच स्वभाव आहे.

युदितचे मोठेपण मात्र पुढच्या निर्णयात आहे. १९९० च्या ऑलिंपियाडनंतर ती महिलांच्या संघातून खेळली नाही, आणि जगातली अव्वल महिला खेळाडू असूनही महिलांच्या जागतिक अजिंक्यपदासाठी कधीच उतरली नाही. समोर असलेला हमखास मुकुट नाकारायला धैर्य लागते. १९९१ मध्ये तिने हंगेरीचे खुले राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले आणि पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर होऊन बॉबी फिशरचा विक्रम मोडला. १९९३ मध्ये तिने बोरिस स्पास्कीला सामन्यात हरवले. स्त्रियांच्या बुद्धिबळाविषयी जाहीरपणे तुच्छतेने बोललेल्या गॅरी कास्पारोव्हला २००२ मध्ये मॉस्कोत जलद डावात तिच्यापुढे हार मानावी लागली. २००५ मध्ये २७३५ मानांकनासह ती जगात आठवी होती. पहिल्या दहांत पोहोचलेली दुसरी स्त्री अजून झालेली नाही.

अपयशही लपवायचे कारण नाही. त्याच वर्षी सान लुईसच्या आठ जणांच्या विश्वविजेतेपद स्पर्धेत ती शेवटची आली. पण बलाढ्यांमध्ये शेवटचे येण्याचा हक्कही झगडूनच मिळवावा लागतो. २०१४ मध्ये ती निवृत्त झाली, तेव्हा तिच्या हंगेरी संघाने ऑलिंपियाडच्या खुल्या गटात रौप्यपदक पटकावले होते.

लास्लो यांच्या प्रयोगाचा चुकीचा अर्थ काढणारे पालक पुष्कळ आहेत. मुलांचे बालपण पणाला लावा, असा तो धडा नव्हे. सगळ्या घरांतून युदित निघणार नाही. खरा धडा स्पर्धेच्या पातळीचा आहे. बलवान प्रतिस्पर्ध्यांशी खेळूनच खेळ वाढतो. महिलांचा वेगळा गट संधी, बक्षिसे आणि सोबत देतो, म्हणून तो हवाच. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीत महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर किताब मिळवला, तोही याच वाटेने. पण ही वाट चढणीची पायरी असावी, मुक्कामाचे ठिकाण नव्हे.

म्हणून आपल्या जिल्हा आणि राज्य संघटनांनी चांगल्या खेळणाऱ्या मुलींना खुल्या गटात आग्रहाने उतरवावे, त्यांच्या प्रवासाचा खर्च उचलावा आणि ‘सर्वोत्कृष्ट मुलगी’ या बक्षिसावर समाधान मानू नये. रोहिणी खाडिलकरांनी हा हक्क मिळवून पन्नास वर्षे होत आली. आता तो वापरला गेला पाहिजे.