ती जागा रिकामी नाही!

मित्रांनो, मेसकडे जाताना डाव्या हाताला जे रॉक गार्डन लागतं, तिथे गेल्या डिसेंबरात कुदळ चालली. पाहुणे येणार होते आणि दगडांमधली जागा म्हणे रिकामी दिसत होती. रिकामी कसली! तिथे माळीकाकांनी लावलेले भुईचाफ्याचे कंद झोपले होते. ते गेले कचऱ्यात, वर आल्या झेंडूच्या कुंड्या. पाहुणे गेले, झेंडूही सुकला.

मी कॉन्व्हेंटची. स्प्रिंग म्हटलं की पुस्तकातला, बर्फातून डोकं काढणारा क्रोकस आठवायचा. भुईचाफा मला काकांनीच दाखवला. थंडीत त्याची पानं वाळतात, वर काही म्हणजे काही उरत नाही. मग ऐन उन्हाळ्यात, एकही पान नसताना, थेट जमिनीतून पांढरी-जांभळी सुवासिक फुलं उमलतात! पानं मागाहून, पावसाच्या सुमारास. दरवर्षी नवी रोपं विकत आणायला नकोत. फक्त पाणी साचलं की कंद कुजतो, म्हणून दगडांमध्ये, उतारावर, थोड्या सावलीत लावायचा. ड्रेनेजवर आपण पेपर लिहितो, काका ते हाताने करतात.

माझं म्हणणं एवढंच, की दिसत नाही म्हणजे नाही, असं नसतं. वाचलेले चार कंद काकांनी परत लावलेत. तिथे एक पाटी लावूया. आणि सर, पुढच्या वेळी कुदळ मारण्याआधी काकांना एकदा विचारूया ना?